कुत्र्यासाठी घरचं गारेगार

घरात आईस्क्रीमचा डबा उघडला की कुत्रा समोर येऊन बसतोच, आणि मग कुणाला तरी दया येऊन एक चमचा त्याच्या ताटलीत पडतो. तो चमचा टाळलेला बरा. आईस्क्रीममध्ये साखर आणि दूध दोन्ही भरपूर असतं. वाढलेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडतं. ‘शुगर फ्री’ आईस्क्रीम तर त्याहून वाईट. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली येते, यकृतालाही इजा होऊ शकते आणि जिवावर बेतू शकतं.

कुत्र्याचा गार खाऊ ही मुळात त्याच्या पोटात जास्तीचं पाणी घालायची युक्ती आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गादीला थोडासा येतो, बाकी सगळं काम धापा टाकून चालतं: तोंडातलं आणि श्वासनलिकेतलं पाणी उडतं आणि शरीर थंड होतं. म्हणजे प्रत्येक धापेबरोबर पाणी खर्च होतं. चंद्रपूर-नागपूरच्या कोरड्या उन्हात हा खर्च मोठा असतो. कोकणात आणि मुंबईत पारा कमी असला तरी दमट हवेत पाणी नीट उडत नाही, त्यामुळे कुत्रा धापा टाकून दमतो आणि थंड मात्र होत नाही. अशा वेळी पाण्याच्या भांड्याकडे न फिरकणारा कुत्राही कलिंगडाचा किंवा चिकनचा वास असलेलं पाणी चाटून संपवतो. साखर-मिठाची गरजच पडत नाही.

सामान काढण्याआधी काय घालायचं नाही ते पक्कं करा. द्राक्षं, मनुका, बेदाणे अजिबात नको, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. याचं कारण द्राक्षातलं टार्टारिक आम्ल असावं असं पशुवैद्यक अलीकडे मानतात आणि ते चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंचेचं सारही नको. कांदा-लसूण कच्चा, शिजवलेला, पावडरीतला, कोणताच नको. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेट, चहा-कॉफी, जायफळ बाद. मसाला ताक, पन्हं, गोळ्याचं रंगीत सरबत हे माणसांचं, माणसांनीच प्यावं. पीनट बटर वापरणार असाल तर बरणीवरचे घटक वाचा. ‘झायलिटॉल’ किंवा त्याचाच क्रमांक ‘ई ९६७’ दिसलं तर परत ठेवा. त्यापेक्षा घरी भाजलेल्या बिनमिठाच्या दाण्यांचं कूट स्वस्त आणि बिनधोक.

सुरुवात कलिंगडापासून करा, कारण ते बहुतेक कुत्र्यांना आवडतं आणि त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं.

१. कलिंगडाच्या लाल गराचे दोन वाट्या तुकडे घ्या. काळ्या बिया वेचून काढा आणि हिरवी साल लांब टाका. सालीचा तुकडा गिळला तर आतड्यात अडकू शकतो.

२. त्यात अर्धी वाटी साधं, गोड दही घाला. दुधातली काही साखर विरजताना कमी झालेली असते, म्हणून दूध न सोसणाऱ्या कुत्र्यालाही थोडं दही बहुधा चालतं. कुत्र्याने आधी कधी दही खाल्लं नसेल तर पहिल्या वेळी दोन चमचेच घाला.

३. मिक्सरमधून एकदा फिरवा. गाळू नका.

४. बर्फाच्या ट्रेमध्ये ओता आणि चार-पाच तास फ्रीजरमध्ये ठेवा. सिलिकॉनचा ट्रे असेल तर उत्तम, नसेल तर स्टीलच्या छोट्या वाट्या चालतात. वाटीचं बूड नळाच्या पाण्यात क्षणभर धरलं की वडी सुटते. आईस्क्रीमची काडी मात्र खोचू नका, कुत्रा ती खाऊसकट चावतो.

५. द्यायच्या आधी पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा. अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडला पाहिजे.

ही पाचवी पायरी लोक हमखास गाळतात. दगडासारखा कडक बर्फ कडाकडा फोडताना कुत्र्याची मागची मोठी दाढ तडकू शकते, आणि तिचा उपचार म्हणजे भूल देऊन दात काढणं किंवा रूट कॅनाल. नुसत्या पाण्याचा बर्फ द्यायचाच असेल तर कपड्यात गुंडाळून कुटून भुगा द्या. दही, फळांचा गर किंवा पीठ घातलेला खाऊ कमी कडक गोठतो, हाही असल्या मिश्रणाचा एक फायदा.

कलिंगडाऐवजी खरबूज, सालं काढलेली काकडी, बिया काढलेली पपई, पिकलेलं केळं किंवा शिजवलेला लाल भोपळा चालतो. आंब्याच्या दिवसांत आंब्याचा गरही घाला, पण थोडा, कारण त्यात कलिंगडाच्या दुप्पट साखर असते. कोय मात्र कचऱ्यात टाकून डब्याचं झाकण घट्ट लावा. गिळलेली कोय घशात किंवा आतड्यात अडकते आणि मग ऑपरेशनशिवाय गत्यंतर उरत नाही.

माझ्या मते मात्र खरा बाजी मारणारा पदार्थ गोठवलेलं आंबील. दोन चमचे नाचणीचं पीठ एक वाटी पाण्यात कालवा, गुठळ्या मोडा आणि मंद आचेवर सहा-सात मिनिटं ढवळत शिजवा. पूर्ण निवलं की अर्धी वाटी पातळ, बिनमिठाचं ताक मिसळा. जिरं, हिंग, मिरची काही नको. माणसांसोबत हजारो वर्षं राहून कुत्रे शिजवलेलं धान्य पचवायला सरावलेले आहेत, त्यामुळे नाचणीची काळजी करू नका. हे मिश्रण ट्रेऐवजी सपाट थाळीत अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर देऊन गोठवा. खाऊ न चावता गिळून टाकणाऱ्या कुत्र्यांसाठी थाळी हा रामबाण उपाय आहे: उचलायला तुकडाच नसतो, चाटतच बसावं लागतं. थाळी फ्रीजरमधून काढल्यावर तिच्यावरचं दव उडेपर्यंत थांबा, गोठलेल्या धातूला ओली जीभ चिकटते.

मांसाहारी घरांत चिकनचं पाणी करता येतं. २०० ग्रॅम बिनहाडाचं चिकन एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळायचं, बस्स. आपल्या रश्श्यासाठी काढलेलं अळणी पाणी यात चालणार नाही, कारण त्यातही कांदा-आलं-लसूण असतंच. गाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की चरबीचा पांढरा थर वर येतो. तो काढून टाका, जास्त तुपकट खाण्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. चिकनचे बारीक तंतू आणि पाणी मिळून गोठवा. हे तुकडे जरा कडक होतात, तेव्हा अंगठ्याची परीक्षा इथे विशेष घ्या. वीज जाऊन पूर्ण वितळलेलं चिकनचं पाणी पुन्हा गोठवू नका.

किती द्यायचं? दिवसभराच्या उष्मांकांपैकी वरखाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या आत ठेवावा, असं पशुवैद्यक सांगतात. वीस किलोच्या देशी कुत्र्याला दिवसाला साधारण ९०० ते १,००० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊला नव्वदेक. १०० ग्रॅम कलिंगडात जेमतेम ३० असतात, म्हणून चार-पाच तुकडे खुशाल द्या. पाच किलोच्या पिटुकल्याला एक पुरे. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शहाळ्याचं पाणीसुद्धा अशा कुत्र्यांना परस्पर देऊ नये, त्यात पोटॅशियम बरंच असतं.

वेळही सांभाळा. फिरून आल्याआल्या जोरात धापा टाकत असताना गोठलेला तुकडा तोंडात दिला तर तो श्वासाबरोबर घशात जाऊ शकतो. आधी साधं पाणी, तेही थोडं थोडं. श्वास शांत झाला की खाऊ. घरात दोन कुत्रे असतील तर दोन ताटल्या, दोन कोपरे.

या खाऊने उष्माघात बरा होत नाही. कुत्रा झोकांड्या खातोय, हिरड्या गडद लाल झाल्यात, लाळ घट्ट झालीय, उलट्या होतायत, असं दिसलं तर तोंडात काहीही कोंबू नका. सावलीत न्या, अंगावर, विशेषतः पोटावर आणि पायांवर नळाचं पाणी ओतत राहा, पंखा लावा आणि गार करत करतच दवाखाना गाठा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ४० च्या वर गेलं की घड्याळाशी शर्यत सुरू होते. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर पहिल्याच लक्षणाला निघा.

गल्लीतल्या कुत्र्यांसाठीही काही करायचं असेल तर जुन्या पातेल्यात साधं पाणी रात्रभर गोठवा आणि सकाळी तो मोठा गोळा सिमेंटच्या किंवा मातीच्या कुंडीतल्या पाण्यात सोडा. कुंडी सावलीत ठेवलीत तर पाणी दुपारपर्यंत गार राहतं. रोज ओतून, घासून परत भरा, नाहीतर डासांची पैदास होईल.

फ्रीजरमध्ये फळांचे तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे छान राहतात. डब्यावर ‘कुत्र्याचं’ अशी चिठ्ठी ठळक अक्षरांत लावा. चिकनच्या पाण्याचे तुकडे वरवर पाहता साध्या बर्फासारखेच दिसतात आणि दुपारी कुणीतरी ते पाहुण्यांच्या लिंबू सरबतात टाकू शकतं.