गुलमर्गला पहिल्यांदा स्की करताय? अर्धा दिवस असा वापरा

गुलमर्गच्या बहुतेक सहलींचा दिवस ठरलेला असतो. सकाळी श्रीनगरहून निघायचं, गंडोलाने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या रोपवेच्या डब्याने, वर जायचं, फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचं. त्यातच तासभर मिळाला की कुणीतरी "स्कीइंग पण करून बघू" म्हणतं, भाड्याच्या स्की पायात अडकवतं, चार वेळा पडतं आणि हे आपलं काम नाही असं ठरवून टाकतं. तासाभरात स्कीइंग खरंच येत नाही. सलग चार तास हाताशी असतील तर मात्र धडधाकट माणूस सौम्य उतारावरून आपल्या मर्जीने खाली येऊ शकतो आणि हव्या त्या जागी थांबू शकतो. पहिल्या दिवशी शिकायचं ते थांबणंच. वेग काय, उतार आपोआप देतो.

कधी आणि किती वाजता

हंगाम साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत असतो. 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्याला काश्मिरात 'चिल्लई कलान' म्हणतात. पण कडाका म्हणजे बर्फ असं नाही. जानेवारी 2024मध्ये ऐन चिल्लई कलानात गुलमर्ग कोरडं होतं. त्यामुळे तारीख निवडणं हातात असेल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर हा काळ बरा. मार्चमध्ये दुपारी बर्फ उसाच्या रसातल्या चुऱ्यासारखा ओला होतो, स्की त्यात रुतते आणि गुडघा पिळवटतो.

साडेनऊ ते दीड ही वेळ उत्तम. श्रीनगर ते गुलमर्ग अंतर जेमतेम 50 किलोमीटर असलं, तरी पायथ्याच्या टंगमर्गपासून वरचा घाट बर्फ पडल्यावर चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीनेच चढता येतो आणि तिथे वेळ जातो. आदल्या रात्री गुलमर्गला किंवा टंगमर्गला मुक्काम करावा. गुलमर्गची उंची सुमारे 2,650 मीटर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दीडपटीहून जास्त. पहिल्या दिवशी धाप लागते, तहान मात्र जाणवत नाही. तरीही दर अर्ध्या तासाने दोन घोट पाणी प्यायचंच.

अंगावर काय

जीन्स नको आणि सुती बनियन तर मुळीच नको. सूत घाम धरून ठेवतं, आणि थांबलात की तोच घाम पाठीवर गार पडतो. आत पॉलिएस्टरचं किंवा लोकरीचं थर्मल, मध्ये फ्लीस आणि बाहेर पाणी न शिरणारं जॅकेट व पँट, इतकं पुरे. टंगमर्गला भाड्याने मिळणारे लांब कोट आणि गमबूट बर्फात फिरायला ठीक आहेत, स्कीइंगला निरुपयोगी. कोटाचा घेर गुडघ्यात येतो आणि पायात तर स्कीचे वेगळेच बूट घालायचे असतात.

हातमोजे जलरोधक हवेत, कारण पडल्यावर पहिला हातच बर्फात जातो. गॉगल आणि 50 एसपीएफचं सनस्क्रीन ढगाळ दिवशीही लागतं. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी 80 टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, म्हणून हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही क्रीम लावायचं. खिशात चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू ठेवा. चॉकलेट थंडीने दगड होतं.

भाड्याच्या दुकानात: घाई इथे करू नका

पहिला दिवस बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण चुकीचे बूट. त्यांचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. घरीच टाच भिंतीला लावून कागदावर उभे राहा आणि अंगठ्यापर्यंतचं अंतर मोजा. 26 आलं तर 26 किंवा 26.5 मागा. दुकानदार 'आरामात बसेल' म्हणून मोठा बूट पुढे करतो, तो परत करा. सैल बुटात टाच उचलली जाते, पाय आतल्या आत फिरतो आणि स्की जागची हलत नाही.

मोजा एकच, पातळ आणि लांब. दोन मोजे घातले की रक्तप्रवाह दाबला जाऊन पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची कडसुद्धा बुटाच्या आत नको. नडगी आणि बूट यांच्यात फक्त मोजा असावा. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे किंचित टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकली पाहिजेत. खालची दोन बक्कलं हलकी लावा, घोट्याच्या वरची दोन घट्ट. दहा मिनिटं तसंच दुकानात चाला. तिथे टोचणारा बूट उतारावर रडवतो.

स्की उभी धरली तर हनुवटीच्या आसपास यावी. त्याहून लांब नको. कडांवर गंज आहे का आणि दोन्ही ब्रेकचे दांडे खाली पडतात का, ते पाहा. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगवर एक आकडा असतो. वजन, उंची, वय, कसब आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून तो लावतात. इथे वजन खरं सांगा. आकडा जास्त झाला तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघ्याचा अस्थिबंध जातो. कमी झाला तर ती चालता चालता निघते. स्कीची काठी उलटी करून टोकाजवळच्या चकतीच्या खाली मुठीत धरल्यावर कोपर काटकोनात आलं तर माप बरोबर. हेल्मेट आवर्जून मागून घ्या.

इन्स्ट्रक्टर घ्यायचाच. पैसे, तास आणि एकाकडे किती शिकाऊ, या तिन्ही गोष्टी आधीच बोलून घ्या. एकाला एक सगळ्यात चांगलं. तीनपेक्षा जास्त असतील तर तुमची पाळी येईपर्यंत पाय गारठतात.

पहिला तास सपाटीवर

बुटाच्या तळव्याचा बर्फ काठीने खरवडून काढा. बर्फाचा पापुद्रा राहिला तर बाइंडिंग नीट बसत नाही आणि भलत्या वेळी सुटतं. आधी चवडा आत, मग टाच दाबायची, खटका ऐकू आला पाहिजे. उतारावर उभे असाल तर उताराकडची स्की आधी घाला.

सुरुवात एकाच पायात स्की घालून करा. दुसऱ्या पायाने ढकलत घसरायचं. मग पाय बदला. नंतर दोन्ही स्की आडव्या ठेवून पायरी-पायरीने चढायचं. यात दम लागतो, पण स्कीची कड बर्फात कशी रुतते ते इथेच कळतं.

पडणंही शिकून घ्या. तोल गेला की चढाच्या बाजूला, कुशीवर पडा. मागे बसकण मारून नको, गुडघे तसेच दुखावतात. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला आणा, गुडघे पोटाशी घ्या आणि हात रेटून उठा. जमत नसेल तर वरच्या बाजूची स्की काढून उठा, त्यात लाज नाही.

थांबणं आणि वळणं

स्कीची पुढची टोकं मुठीएवढ्या अंतरावर ठेवून टाचा बाहेर ढकलायच्या. आकार उलट्या व्हीचा होतो. इन्स्ट्रक्टर याला स्नो प्लाउ किंवा सरळ 'पिझ्झा' म्हणतात. टाचा जितक्या फाकवाल आणि आतल्या कडा जितक्या दाबाल तितका वेग कमी. टोकं एकमेकींवर चढली की तोंडावर आपटाल, म्हणून ते मुठीएवढं अंतर सोडायचं नाही.

इथे सह्याद्रीत भटकणारे हमखास फसतात. घसरड्या घळीतून उतरताना आपण मागे रेलतो, प्रसंगी बसून उतरतो, आणि तिथे ते बरोबरच असतं. स्कीवर तीच सवय घात करते. मागे रेललं की स्कीचा पुढचा भाग हलका होतो, वळणं आणि ब्रेक दोन्ही जातात आणि वेग वाढतो. भीती वाटली की मन मागे ओढतं. तेव्हाच नडग्या बुटाच्या जिभेवर दाबायच्या. हात पुढे, मोटरसायकलचं हँडल धरल्यासारखे. नजर स्कीच्या टोकांवर नाही, पुढे दहा-पंधरा मीटरवर.

वळणासाठी अंग फिरवू नका. डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर भार द्यायचा, उजवीकडे वळायचं तर डाव्या. सरळ खाली न येता नागमोडी या. पाच वेळा ठरलेल्या जागी थांबता आलं की मगच ड्रॅग लिफ्ट, म्हणजे उभ्या माणसाला स्कीवरूनच उतारावर ओढत नेणारी दोरी. तिच्या चकतीवर बसायचं नसतं. ती मांड्यांमध्ये घेऊन उभं राहायचं, स्की समांतर ठेवायच्या आणि तिला ओढू द्यायचं. बसलात की पडलात. पडल्यावर लगेच बाजूला सरका, मागून पुढचा येतच असतो. उतारावर नियम सोपा आहे: खालच्या माणसाचा हक्क पहिला, चुकवायचं वरच्याने.

गंडोलाचं काय

पहिल्या दिवशी स्की घेऊन वर जाऊ नका, अगदी इन्स्ट्रक्टर म्हणाला तरी. पहिला टप्पा कोंगडोरीला जातो. तिथून खाली यायचा उतार नवख्याला झेपणारा नाही. दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगावर, सुमारे 3,950 मीटरवर सोडतो. तिथली बरीचशी भूमी मोकळा डोंगर आहे आणि हिमस्खलनं होतात. 1 फेब्रुवारी 2023 रोजी तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा जीव गेला, आणि ते नवखे नव्हते. वरून दिसणारं दृश्य पाहायचं असेल तर स्की परत करून दुपारी पर्यटक म्हणून जा. तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा.

मांड्या थरथरायला लागल्या की थांबा, 'आणखी एकच फेरी' म्हणू नका. थकलेल्या पायाने कड धरवत नाही आणि दुखापत तेव्हाच होते. बक्कलं सैल करून कहवा घ्या आणि सामान परत करताना अनामत म्हणून ठेवलेलं ओळखपत्र आठवणीने मागून घ्या.