पद्मिनीचा गळका पेट्रोल पंप

खानापूरहून बेळगावला येताना आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीत पेट्रोलचा वास सुटला. बॉनेट उघडलं. पाइपचे जोड कोरडे, पण टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या खालच्या बारीक भोकातून टपटप गळत होतं. म्हणजे डायफ्राम, पंपातला पेट्रोल ढकलणारा रबरी पडदा, फाटलेला. डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, हुंगली, तर ऑइललाही पेट्रोलचा वास! अशी गाडी चालवायची नाही. पातळ ऑइलनं बेअरिंगची वाट लागते. टो करूनच घरी आणली.

मिस्त्री म्हणाले, "अख्खा पंपच बदला की." कशाला? खोलला तर रबर कडक होऊन कडेला चीर गेलेली. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाहीच. इथेनॉलला टिकणारा डायफ्राम मागवला. स्क्रू आवळताना पंपाचा लिव्हर दाबून धरला, नाहीतर डायफ्राम ताणून पुन्हा फाटतो. इंजिनाकडच्या पॅकिंगची जाडी होती तेवढीच ठेवली, कारण तिच्यावर पंपाचा स्ट्रोक, म्हणजे डायफ्राम किती वर-खाली हलतो ते, ठरतो. मग ऑइल आणि फिल्टर बदलूनच स्टार्टर मारला.