सायकल शिकताना: आधी तोल, मग पायडल

सायकल शिकवण्याची सर्वत्र दिसणारी पद्धत अशी, की शिकणाऱ्याला सीटवर बसवायचे, मागून कॅरिअर धरून धावायचे आणि "पायडल मार, पायडल मार" असे सांगत राहायचे. या पद्धतीत तोल सांभाळणे, पायडल मारणे, हँडल वळवणे आणि ब्रेक लावणे ही चारही कामे शिकणाऱ्याच्या अंगावर एकदम येतात. शिवाय मागून धरणारा माणूस नकळत सायकलचा तोल स्वतःच सांभाळत असतो. त्यामुळे त्याने हात सोडेपर्यंत शिकणाऱ्याला तोलाचा अनुभवच आलेला नसतो. लहान आधारचाकांचाही हाच दोष आहे. ती सायकलला कलू देत नाहीत आणि कललेली सायकल सावरणे हाच तर शिकण्याचा खरा विषय असतो.

कार्ल फोन द्रायस या जर्मन संशोधकाने १८१७ मध्ये चालवून दाखवलेल्या दुचाकीला पायडल नव्हतेच. चालक जमिनीवर पाय रेटत पुढे जात असे. नवशिक्याने, मग तो पाच वर्षांचा असो वा पन्नास, सुरुवात तशीच करावी.

त्यासाठी प्रथम दोन्ही पायडले काढावीत. बहुतेक पायडलना १५ मिलिमीटरचा पाना लागतो. उजवे पायडल नेहमीप्रमाणे घड्याळाच्या उलट दिशेने सुटते, डाव्याचे आटे मात्र उलटे असतात. हे लक्षात ठेवण्याची सोपी युक्ती म्हणजे पान्याचा दांडा वर येईल असा पाना लावावा आणि तो मागच्या चाकाच्या दिशेने ओढावा. दोन्ही पायडले त्याच दिशेने सैल होतात. ओढताना पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, दुसऱ्या हाताने घट्ट धरावी, नाहीतर तीच मागे फिरत राहते.

यानंतर सीट इतकी खाली घ्यावी, की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. टणक जमिनीचा, अगदी हलका उतार असलेला मोकळा भाग निवडावा, पायांनी रेटा देत चालायला सुरुवात करावी आणि वेग आला की पाय दोन-तीन सेकंद उचलून धरावेत. सायकल डावीकडे कलली तर हँडलही डावीकडेच किंचित वळवावे, म्हणजे चाके पुन्हा शरीराच्या खाली येतात. घाबरलेला माणूस नेमका उलट बाजूला हँडल ओढतो आणि पडतो. अतिशय हळू चालवल्यास हँडल फार हलवावे लागते, म्हणून जरा वेग असलेला बरा. नजर पुढच्या चाकावर नव्हे, पंधरा-वीस पावले पुढे असावी. चाकाकडे पाहत राहणे हे माझ्या मते नवशिक्याच्या पडण्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

पाय न टेकवता दहा-बारा मीटर जाता येऊ लागले, की पायडले परत बसवावीत. डावे डावीकडे आणि उजवे उजवीकडेच, आणि पहिले काही आटे पान्याने नव्हे, बोटांनी फिरवून. चुकीचे पायडल जोराने बसवल्यास क्रँकचे आटे कायमचे खराब होतात. निघताना एक पायडल वर आणि किंचित पुढे ठेवावे, त्यावर दाब देऊन पहिला वेग मिळवावा आणि मगच दुसरा पाय जमिनीवरून उचलावा.

ब्रेकबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो म्हणजे पुढचा ब्रेक लावूच नये. वस्तुतः वेग कमी होताना शरीराचे वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे थांबवण्याचे बरेचसे काम पुढचाच ब्रेक करतो आणि मागचे चाक हलके होऊन सहज घसरते. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढत्या दाबाने लावावेत, त्या वेळी कंबर थोडी मागे सरकवावी आणि वळणाचा वेग वळणात शिरण्यापूर्वीच कमी करावा. रिमवर दाबणारे ब्रेक पावसात लगेच पकड घेत नाहीत. चाकाचे पहिले काही फेरे रिमवरचे पाणी पुसण्यातच जातात. कोणत्या हाताला कोणता ब्रेक आहे हे प्रत्येक सायकलवर निघण्यापूर्वी तपासावे.

तोल पक्का झाल्यावर सीट वर घ्यावी. टाच पायडलवर ठेवून ते सर्वांत खाली नेले असता पाय सरळ होईल, इतकी उंची योग्य असते; मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. सीट फार खाली असल्यास गुडघ्याची पुढची बाजू दुखू लागते, फार वर असल्यास कंबर डावी-उजवीकडे हलते. सीटच्या दांड्यावर कमाल उंचीची खूण असते, ती बाहेर दिसू देऊ नये.

गिअरचा हिशोब दातांचा असतो. पुढच्या चक्रीला ४८ आणि मागच्या चक्रीला १६ दात असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीन फेरे घेते. पुढे २४ आणि मागे ३२ असतील, तर पाऊणच फेरा, म्हणून चढावर ते हलके जाते. जड गिअरवर जोर लावत बसण्यापेक्षा मिनिटाला पायडलचे ७० ते ९० फेरे होतील असा गिअर निवडावा. चढ सुरू होण्यापूर्वी, पायडलवरचा दाब क्षणभर कमी करून गिअर बदलावा.

हवेचा योग्य दाब टायरच्या कडेवर छापलेला असतो आणि ट्यूबमधून हवा हळूहळू कमी होतच असते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी ती तपासावी. कमी हवेत खड्डा लागला, की ट्यूब रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटली जाऊन तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. पंक्चर झालेल्या ट्यूबवर एकच बारीक छिद्र असेल, तर टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून काटा शोधावा; तो तसाच राहिला तर नवी ट्यूबही काही वेळातच बसते.

चेनच्या प्रत्येक सांध्यावर तेलाचा एकेक थेंब सोडावा, पायडल काही वेळ उलटे फिरवावे आणि बाहेरचे तेल फडक्याने पुसून टाकावे. हे पुसणे बहुतेक जण टाळतात. परंतु बाहेर राहिलेल्या तेलाला धूळ चिकटते आणि ती चेन व चक्री दोन्ही झिजवते. तेल आतल्या पिनांपर्यंत पोहोचले असेल, तर चेन बाहेरून कोरडी लागली तरी हरकत नाही.