जुन्या पिकअपचे हेडलाइट अचानक बंद पडले तर

दोन्ही दिवे एकदम गेले, तर बल्बला दोष देऊ नका. दोन बल्ब एकाच क्षणी सहसा उडत नाहीत. डिपर मारून बघा. अप्पर (लांबचा झोत) लागतो आणि लोअर (जवळचा झोत) लागत नाही, तर संशय डिपर स्विचवर. काहीच लागत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (छोट्या करंटवर चालून दिव्यांचा मोठा करंट जोडणारा स्विच), मग मेन लाइट स्विच.

एकच दिवा गेला असेल तर होल्डर काढून टेस्ट लॅम्प (करंट येतो का ते दाखवणारा छोटा दिवा) लावा. करंट येतोय पण चांगला बल्ब लावूनही पेटत नाही? मग अर्थिंग. बॉडीला जिथे वायर बोल्टने कसलेली असते तिथला गंज पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. मिणमिणता दिवा हाही बहुतेक अर्थिंगचाच आजार.

दिवे काही मिनिटांनी जातात आणि थंड झाल्यावर परत येतात, तर स्विचमागचा कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) ओढून बघा. प्लॅस्टिक तपकिरी, वितळलेलं दिसेल. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून ९ अँपिअरच्या आसपास ओढतात, आणि रिले नसलेल्या गाडीत तो सगळा भार स्विचवर पडतो. नुसता स्विच बदलून भागत नाही: कपलरही बदला, रिले बसवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा मात्र कधीच घालू नका, वायरिंग पेटेल.