गाडीवर हलकी धूळ आहे, पुसू की धुऊ?

सकाळी पार्किंगमध्ये कोरडं फडकं घेऊन बॉनेट खसाखसा पुसायची सवय आधी बंद करा, कारण धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि तेच घासले जाऊन उन्हात चमकणारे ते गोल गोल ओरखडे पडतात, काळ्या गाडीवर तर फारच दिसतात. धूळ कशी आहे ते बोट फिरवून बघू नका, मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. नुसती पावडरीसारखी धूळ असेल तर वॉटरलेस वॉशचा (पाण्याने न धुता गाडी पुसायचं लिक्विड) भरपूर स्प्रे मारा, थोडं थांबा आणि जाड मऊ मायक्रोफायबरने न दाबता एकाच दिशेने पुसा, प्रत्येक पॅनलला कापडाची घडी बदला. टॉर्चच्या उजेडात खरखरीत कण दिसले किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर मात्र पुसणं नाहीच, आधी भरपूर पाणी, छतापासून खाली. आणि हे सगळं सावलीत, बॉनेट गार झाल्यावरच हां.