पहिला अंक: कागदावर आणि फोनवर

स्वतःचं अनियतकालिक काढायचं ठरलं की बहुतेकांचं लक्ष आधी मुखपृष्ठाकडे जातं. खरं काम मजकुरापासून सुरू होतं. पन्नाशीच्या दशकात मुंबईत 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर निघायचं, तेव्हा स्टेन्सिलवर टंकलं ते छापलं जायचं. आज तोच मजकूर छापखान्यात, ई-पुस्तकात आणि संकेतस्थळावर असा तीनदा वापरायचा असतो. म्हणून सगळं लेखन युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण संकेतपद्धतीत, मागवा.

युनिकोड नसलेल्या जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला लेख आला तर तो कन्व्हर्टरमधून काढावा लागतो आणि त्यानंतरचं मुद्रितशोधन टाळता येत नाही. ऱ्हस्व वेलांटी सरकते, रफार चुकीच्या अक्षरावर बसतो, अवतरणचिन्हांची भलतीच अक्षरं होतात. 'दुसऱ्या'मधला ऱ्य विशेष तपासा. कुणी नुक्त्याचा ऱ वापरतो, कुणी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. संपूर्ण अंकात एकच पद्धत ठेवा.

मांडणी इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये करणार असाल तर परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोजर ही सेटिंग निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. मुक्तासारखे मोफत, खुल्या परवान्याचे देवनागरी फॉन्ट छपाईलाही चांगले चालतात. काळा मजकूर फक्त काळ्या शाईचा हवा. वर्डमधून आलेला काळा रंग पुष्कळदा चार रंगांचा होतो आणि ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईत, प्लेट केसभर जरी हलली तरी मात्रांना रंगीत सावली येते. चित्रं 300 डीपीआय, कडेपर्यंत जाणाऱ्या रंगाला चारही बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जास्तीचा भाग.

पहिल्या अंकाला ए-5 आकार आणि मधोमध पिन हे सगळ्यात सोयीचं. पानांची संख्या चारच्या पटीत लागते. 13 बाय 19 इंचांच्या डिजिटल शीटवर दोन्ही बाजू मिळून आठ पानं बसतात, म्हणजे 32 पानांच्या अंकाला चार शीट, मुखपृष्ठ वेगळं. आत 80 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो कागद, वर 250 जीएसएमचं आर्ट कार्ड. या जाडीच्या कार्डाला घडीआधी क्रीज, म्हणजे घडीच्या जागी दाबरेघ, मारून घ्या, नाहीतर घडीवर रंग तडकतो. पानं एकात एक घातल्यावर आतली बाहेर सरकतात. 32 पानांत हे जेमतेम मिलिमीटरभर असतं, 64 पानांत पृष्ठांक कटिंगमध्ये जायची भीती. बाहेरचा समास 12 मिलिमीटर ठेवला की निर्धास्त. दोनशे-तीनशे प्रतींपर्यंत सहसा डिजिटल परवडतं. ऑफसेटच्या प्लेटचा खर्च शंभर प्रतींना तितकाच आणि हजारांनाही तितकाच. मुंबईच्या पावसाळ्यात कागद ओल धरून लाटा घेतो आणि ऑफसेटची शाई सुकायला वेळ लागतो, म्हणून जुलै-ऑगस्टच्या कामाला दोन-तीन दिवस जास्तीचे धरा. सगळ्या प्रती छापण्याआधी एक प्रत पिन मारून, कापून हातात घ्याच. पडद्यावर न दिसलेली चूक तिथे दिसते.

डिजिटल अंक म्हणजे छपाईची पीडीएफ फोनवर पाठवणं, ही समजूत सोडा. लोकलच्या गर्दीत एका हाताने वाचणारा माणूस पान मोठं करत, सरकवत बसत नाही. शिवाय पीडीएफमधला देवनागरी मजकूर कॉपी केला की अनेकदा मोडतो, शोधातही धड येत नाही. वाचनासाठी ईपब, म्हणजे पडद्याच्या आकाराप्रमाणे मजकूर बसवणारी ई-पुस्तकाची फाइल, करा: सिगिल हे मोफत साधन पुरतं, फाइल ईपबचेक या तपासणीच्या साधनातून तपासा, भाषा 'मराठी' अशी नोंदवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर त्यामुळेच ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. किंडल मराठी ई-पुस्तकं घेतं.

लेखकांची परवानगी लेखी घ्या. हक्क हस्तांतराचा करार लेखी आणि सहीचा नसेल तर तो कायद्याने ग्राह्य नाही. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारत. ई-अंक जगभर वाचला जाणार, म्हणून 'छापील आणि डिजिटल, जगभर' हे शब्द करारात हवेतच.

अंक नियमित काढणार असाल तर नोंदणी लागते. वृत्तपत्रं-नियतकालिकांच्या नोंदणीचा 1867चा कायदा जाऊन 1 मार्च 2024पासून नवा कायदा लागू आहे आणि अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन होतो. नियतकालिकांची टपालसवलत नोंदणीशिवाय मिळत नाही. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, दिल्लीहून विनामूल्य मिळतो, पण तो म्हणजे नोंदणी नव्हे.

दादरच्या पुस्तकविक्रेत्यांकडे प्रती ठेवताना कमिशन, हिशोबाची तारीख आणि न विकलेल्या प्रती कोणी परत न्यायच्या, हे चलनावरच लिहून घ्या. 1954च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रकाशकाने ज्यांना प्रत द्यायची त्या चार ग्रंथालयांपैकी एक मुंबईत, टाउन हॉलमध्ये आहे. तिथे आणि इतर तीन ग्रंथालयांना द्यायच्या प्रती बाजूला काढूनच उरलेल्या विक्रीला पाठवा, आणि मिळालेली पोच अंकाच्या फाइलला लावून ठेवा.