छंद म्हणून वाफेचे छोटे संयंत्र उभारताना या चुका टाळा

टेबलावर मावेल असे वाफेचे संयंत्र स्वतःच्या आराखड्याप्रमाणे उभारणारे बहुतेक हौशी कारागीर सुरुवात इंजिनापासून करतात, आणि ते योग्यच आहे. चूक होते ती त्यानंतर. इंजिन तयार झाले की हाताशी असलेल्या तांब्याच्या नळीचा बॉयलर केला जातो, त्याखाली मिळेल तो बर्नर बसतो, आणि इंजिन धापा टाकू लागले की दोष इंजिनात शोधला जातो. इंजिनाला किती वाफ लागते, तेवढी वाफ करायला किती उष्णता लागते आणि ती बर्नर देऊ शकतो का, हा हिशेब तांब्याला करवत लावण्यापूर्वीच कागदावर मांडायला हवा.

ब्रिटनच्या स्टुअर्ट कंपनीचे '१०-व्ही' हे उभे इंजिन उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या सिलिंडरचा व्यास पाऊण इंच आणि स्ट्रोकही (दट्ट्याची एका दिशेची सरक) पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर आहे. दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना वाफ काम करत असल्यामुळे एका फेऱ्याला साधारण ११ घन सेंटिमीटर, आणि मिनिटाला ३०० फेरे धरल्यास सव्वातीन लिटर वाफ खर्च होते. गेजवर २ बार दाब असताना लिटरभर वाफेचे वजन सुमारे १.६५ ग्रॅम भरते. म्हणजे कागदावर मिनिटाला साडेपाच ग्रॅम पाणी पुरेसे दिसते. मात्र लहान सिलिंडरच्या भिंतींवर पुष्कळ वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, त्यामुळे हा आकडा दुप्पट धरावा. मिनिटाला ११ ग्रॅम पाण्याची वाफ करायची तर पाण्यात जवळजवळ ५०० वॉट उष्णता शिरली पाहिजे, आणि बर्नरची निम्मी उष्णता धुराड्यावाटे जाते असे मानले तर बर्नर एक किलोवॉटचा लागतो. एखाद्या स्पिरिटच्या वातीचे हे काम नव्हे.

बॉयलर आधीच तयार असेल तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा मोजणे सोपे आहे. इंजिन न जोडता, स्टॉप व्हॉल्व्ह (वाफेची मुख्य झडप) किंचित उघडा ठेवून, दाब स्थिर राहील अशा बेताने दहा मिनिटे वाफ सोडावी आणि बॉयलरचे आधीचे व नंतरचे वजन यांतला फरक काढावा.

कॉम्प्रेसरच्या हवेवर सुरेख फिरणारे इंजिन वाफेवर अडते, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. हवेचे पाणी होत नाही आणि कॉम्प्रेसरकडे हवेचा तुटवडाही नसतो, त्यामुळे ती चाचणी इंजिन मोकळे फिरते एवढेच सांगते. अशा वेळी स्टॉप व्हॉल्व्ह उघडताना नजर प्रेशर गेजवर ठेवावी. काटा झपाट्याने खाली आला तर बॉयलर किंवा बर्नर अपुरा आहे. काटा जागचा हलत नसूनही इंजिन मंद चालत असेल, तर अडथळा बॉयलरच्या पुढे आहे: पाइप अरुंद आहे, पाइपच्या खोलगट वळणात पाणी साचले आहे, व्हॉल्व्हचे टायमिंग (वाफ आत-बाहेर सोडण्याची वेळ) चुकले आहे किंवा दट्टा गरम होऊन घट्ट बसतो आहे. पाइप शक्य तितका आखूड ठेवून त्याला सुती दोरी गुंडाळावी, आणि सिलिंडर तापेपर्यंत त्यातले पाणी सोडणारे ड्रेन कॉक उघडे ठेवून चाक हाताने फिरवावे. पाणी दाबले जात नाही. ते दट्ट्यापुढे अडकले असताना जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

वंगणाच्या बाबतीत मोटारीचे इंजिन ऑइल वापरण्याचा मोह टाळावा, कारण ओल्या वाफेत ते सिलिंडरच्या भिंतीवर टिकत नाही; त्यासाठी जाड स्टीम सिलिंडर ऑइलच हवे. वाफेत तेल सोडणाऱ्या डिस्प्लेसमेंट लुब्रिकेटरमध्ये थोडी वाफ थंड होऊन तिचे पाणी तळाशी जाते आणि तेवढेच तेल वर सरकून वाफेत मिसळते. त्यामुळे त्यावर उष्णतारोधक आवरण घालू नये. तो काही मिनिटांतच रिकामा होत असेल तर वाफेच्या पाइपमधले भोक मोठे झाले आहे, असे समजावे. इंजिनातून बाहेर पडलेले तेलकट पाणी पुन्हा बॉयलरमध्ये घातल्यास पाणी फेसाळून वाफेबरोबर इंजिनात येते, म्हणून एक्झॉस्टवर तेल वेगळे करणारे भांडे बसवावे.

बॉयलरच्या सांध्यांविषयी मात्र कोणतीही तडजोड मला मान्य नाही. कथील-शिशाची नेहमीची झाळ १९० अंशांच्या आसपास वितळते, आणि ३ बार दाबाची वाफ १४४ अंशांवर असते. पाणी कमी पडून एखादा सांधा पाण्याबाहेर आला तर त्याला वाचवणारे अंतर उरत नाही. सर्व सांधे चांदीच्या झाळीनेच करावेत. ही झाळ लावताना लागणाऱ्या तापमानाला तांबे मऊ पडते, म्हणून पत्र्याची जाडी मऊ तांब्याच्या हिशेबानेच ठरवावी. बुश (नळ्या व झडपा बसवण्यासाठीच्या आट्यांच्या कड्या) पितळेचे नसावेत, कारण गरम पाण्यात पितळेतले जस्त झिजून धातू भुसभुशीत होतो. गनमेटल किंवा ब्राँझ वापरावे.

नवा बॉयलर कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाला, हवेचा बुडबुडाही न ठेवता काठोकाठ पाणी भरून, हातपंपाने तपासावा. ही चाचणी हवेने कधीही करू नये, कारण दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा सांधा सुटताच धातू उडवते. त्यानंतर बर्नर पूर्ण पेटता ठेवून आणि स्टॉप व्हॉल्व्ह बंद करून जादा वाफ बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह पाहावा. तेव्हा दाब कामाच्या दाबापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक चढता कामा नये. आपल्याकडे बॉयलर कायद्यानुसार २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची भांडी बॉयलरच्या व्याख्येत येत नाहीत. म्हणजे असा बॉयलर तपासायला निरीक्षक येत नाही, आणि या दोन चाचण्यांची जबाबदारी पूर्णपणे बनवणाऱ्यावर येते.

वॉटर गेजच्या काचेत बुडबुडा अडकला तर पातळी खोटी दिसते. खालचा कॉक क्षणभर उघडून पाणी पुन्हा त्याच जागी येते का, हे दर वेळी पाहावे. प्रेशर गेजच्या आधी पाइपला वेटोळे द्यावे, म्हणजे त्यात पाणी राहून गरम वाफ गेजपर्यंत पोहोचत नाही. बोअरचे जड पाणी वापरू नये.

ब्यूटेनच्या डब्यावर चालणारी ज्योत काही वेळाने मंदावते, कारण गॅस होताना द्रव ब्यूटेन स्वतःच थंड होते. डबा कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवला की पुरे, त्याला आच दाखवू नये. घरगुती सिलिंडरमधून लहान डबा भरण्याचा विचारही नको.

काम संपल्यावर दाब पूर्ण उतरू द्यावा, बॉयलर कोमट असतानाच रिकामा करावा, आणि सिलिंडरमध्ये तेलाचे चार थेंब टाकून चाक हाताने फिरवावे. कोकणात आणि इतरत्र पावसाळ्यात बिडाच्या सिलिंडरला एका रात्रीतही गंज धरू शकतो.